रोव्हरच्या मॉडेलला मार्क देण्याआधी त्याची विजेची वही मागा

प्रति,
तालुका व जिल्हा विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक, केंद्रप्रमुख आणि आयोजक,
बुलडाणा जिल्हा

स. न. वि. वि.

दरवर्षी प्रदर्शनात मंगळावरच्या गाडीची दोन-चार मॉडेलं असतातच. थर्माकोलचं अंग, बाटलीच्या झाकणांची सहा चाकं, वर निळ्या कार्डशीटचं सोलर पॅनल. शेजारी उभी असलेली मुलगी एका दमात म्हणून टाकते, "ऑपॉर्च्युनिटी या रोव्हरचं आयुष्य फक्त ९० दिवस होतं, पण तो १५ वर्षं जगला." परीक्षक मान डोलावतात, "छान" म्हणतात आणि पुढच्या टेबलाकडे सरकतात.

त्या एका वाक्यात तीन चुका आहेत. आमचं म्हणणं एवढंच, की तिथेच थांबून त्या तीन चुका विचाराव्यात. थर्माकोलच्या गाडीतून खरं विज्ञान निघतं ते तिथून पुढे.

पहिली चूक "आयुष्य" या शब्दात आहे. ९० हे आयुष्य नव्हतं, ती किमान हमी होती. गाडी ९० सोल चालली आणि ६०० मीटर फिरली की मोहीम सफल, असं आधी ठरलं होतं. सोल म्हणजे मंगळाचा दिवस, २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा. म्हणजे आपले साडेब्याण्णव दिवस. सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती किमान ७० टक्के असं छापलेलं असतं. पेरल्यावर ८५ टक्के उगवलं तर शेतकरी त्याला चमत्कार म्हणत नाही. बियाणं चांगलं निघालं म्हणतो, आणि ओल, खोली, बीजप्रक्रिया कशी होती तेही सांगतो. दुसरी चूक १५ वर्षांची. ही गाडी २५ जानेवारी २००४ ला उतरली आणि तिचा शेवटचा संदेश १० जून २०१८ चा आहे. फेब्रुवारी २०१९ ला मोहीम संपल्याची घोषणा झाली, म्हणून बातम्यांत १५ आलं. खरी चाल ५,१११ सोल आणि ४५.१६ किलोमीटर. तिसरी चूक "जगला" ही. ती जगली नाही, तिला जगवलं, आणि तेही रोज हिशेब मांडून.

तो हिशेब कळायला आधी ९० हा आकडा कसा बसला ते पाहू. १९९७ साली सोजर्नर नावाची साडेदहा किलोची छोटी गाडी मंगळावर उतरली होती. त्या मोहिमेत दिसलं, की धूळ बसून पॅनलची वीज रोज साधारण ०.२८ टक्क्यांनी घटते. आठवीत आपण चक्रवाढ व्याज शिकवतो, हे उलटं चक्रवाढ. ०.९९७२ चा ९० वा घात काढा, ०.७८ येतो. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या जुळ्या गाड्या सुरुवातीला दिवसाला ९०० वॅट-तासांच्या आसपास वीज करत. त्याचे ७८ टक्के म्हणजे सुमारे ७००, आणि पुढे हिवाळा लागला की आणखी घट. इथपर्यंत गाडी नक्की चालेल असं म्हणता येत होतं. तोच दर मंगळाच्या पूर्ण वर्षाला, म्हणजे ६६८ सोलांना लावला तर उरतात १५ टक्के, जेमतेम १४० वॅट-तास. तेवढ्यात रात्रीची थंडी निघत नाही. म्हणजे ९० हा आकडा घाबरून लिहिलेला नव्हता, हाती असलेल्या मापावरून आला होता.

हिशेबात न धरलेली गोष्ट एकच, वारा. मंगळावर हवेचा दाब आपल्या हवेच्या दाबाच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही नाही, पण वावटळी तिथेही उठतात. मार्च २००५ मध्ये स्पिरिट टेकडी चढत असताना तिची वीज एकदम वाढली, आणि त्याच सुमारास तिच्या कॅमेऱ्यात वावटळी दिसल्या. पॅनल झाडून निघालं होतं. हा भाग नशिबाचा, हे कबूल करून टाकावं. मात्र वाऱ्याने वीज दिली तरी ती खर्चायची कशी, हे वाऱ्याने शिकवलं नाही.

इथे एखादं पोट्टं हमखास विचारतं, "सर, मग पुसाले फडकं काहून नाही नेलं?" या प्रश्नाला आमच्याकडून पैकीच्या पैकी मार्क. उत्तर असं: वायपरला मोटर लागते, मोटरला वायर आणि वीज लागते, रात्री उणे ९० अंशांत तिचं वंगण गोठतं. धूळ पिठापेक्षा बारीक आणि विजेच्या भाराने चिकटलेली, कोरडी घासली तर काचेवर ओरखडे. तेवढ्याच वजनात मोठं पॅनल नेलं तर फायदा जास्त आणि बिघडायला काही नाही. इनसाइट नावाचं यान २०१८ मध्ये उतरलं, तेही फडक्याशिवायच. मे २०२१ मध्ये त्याच्या चालकांनी युक्ती केली. यंत्रहाताच्या खोऱ्याने वाळू उचलायची आणि वाऱ्याच्या वेळी पॅनलच्या वाऱ्याकडच्या बाजूला हळूहळू सोडायची. जाड कण वाऱ्याबरोबर पॅनलवर उड्या मारत गेले आणि जाताना बारीक धूळ घेऊन गेले. खळ्यावर उफणताना वारा भूस नेतो नि दाणा खाली राहतो. इथे दाण्यालाच भूस न्यायला लावलं. त्या एका खेपेत दिवसाला साधारण ३० वॅट-तास वाढले. तरी शेवटी धूळच जिंकली. उतरल्यावर ५,००० वॅट-तास देणारं यान २०२२ च्या वसंतात ५०० वर आलं आणि १५ डिसेंबर २०२२ नंतर बोललं नाही.

आता कल, म्हणजे पॅनलचा झुकाव. सोलर पंप बसवणाऱ्या कोणालाही हा विषय समजावून सांगावा लागत नाही. दोन्ही गाड्या मंगळाच्या विषुववृत्ताच्या दक्षिणेला होत्या, म्हणून हिवाळ्यात सूर्य उत्तरेकडे कलायचा. पॅनल तर गाडीच्या पाठीवर घट्ट बसवलेलं, फिरवायची सोय नाही. मग अख्खी गाडीच उत्तरेकडे झुकलेल्या उतारावर उभी करायची. स्पिरिटने तिसरा हिवाळा सुमारे ३० अंशांच्या कलावर काढला. मे २००९ मध्ये ती भुसभुशीत मातीत रुतली. चाकं फिरायची, गाडी जागची हलायची नाही. पुढच्या हिवाळ्याआधी उत्तरेकडे कलता आलं नाही, २२ मार्च २०१० नंतर संदेश नाही. धूळ होती, वय झालं होतं, सगळं खरं. पण तो कल मिळाला असता तर आणखी एक हिवाळा निघण्याची आशा होती.

रात्रीचा प्रश्न मात्र सगळ्यात नाजूक, आणि मॉडेलवाली मुलं तो कधीच मांडत नाहीत. गाडीच्या पोटात एक उबदार पेटी होती, एरोजेल या अतिहलक्या पदार्थाने वेढलेली. आत बॅटरी, जिचं तापमान उणे २० च्या खाली जाऊ द्यायचं नव्हतं. ऊब धरायला प्लुटोनियमच्या आठ छोट्या गोळ्या, प्रत्येकी एक वॅट उष्णता देणाऱ्या. उरलेलं काम विजेचे हीटर करत. ऑपॉर्च्युनिटीच्या हाताच्या खांद्याच्या सांध्यातला हीटर उतरल्यापासूनच बंद होईना. रात्रभर तो बॅटरी खायचा. उपाय आपल्या लाइनमनला सुचेल तोच: रात्री मेन पाडायचा. बॅटरी सगळ्यापासून तोडून गाडी गाढ झोपवायची, सकाळी पॅनलवर ऊन पडलं की आपोआप उठायची. यात धोका होता. दुसऱ्या एका उपकरणाला रात्री ऊब लागायची, ती मिळणार नव्हती आणि ते फुटू शकलं असतं. चालकांनी तोलून पाहिलं आणि मेन पाडला. अशी निवड एखाद्या मुलाने मांडून दाखवली, तर त्याला गाडीचा रंग विचारू नका.

स्पिरिटचं पहिलंच आजारपण मोबाइल वापरणाऱ्या प्रत्येकाला कळेल. १८ व्या सोलला ती गप्प झाली. तिच्या फ्लॅश मेमरीत फाइली इतक्या साठल्या होत्या, की सुरू होताना त्यांची यादी कामाच्या मेमरीत मावेना. संगणक अडकायचा, स्वतःला पुन्हा सुरू करायचा, पुन्हा अडकायचा. असं साठहून अधिक वेळा. रात्रीही झोप नाही, त्यामुळे बॅटरी उतरत चाललेली. पृथ्वीवरून हुकूम गेला, की फ्लॅशकडे न बघता उठ. उठल्यावर फाइली काढल्या, मग फ्लॅश नव्याने फॉरमॅट केली. गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरलेल्या फोनचं दुखणं आणि उपचार याहून वेगळा नसतो, फक्त दुकान कोट्यवधी किलोमीटर लांब होतं.

चाकांबद्दल थोडं, कारण लोणार आपल्याच जिल्ह्यात आहे. लोणारचं विवर बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. मंगळावरची बरीच विवरंही बेसाल्टातली, म्हणून अभ्यासक लोणारचे दगड नेऊन तपासतात. ऑपॉर्च्युनिटी सप्टेंबर २००७ मध्ये ज्या व्हिक्टोरिया विवरात उतरली, त्याची रुंदी सुमारे ७५० मीटर, लोणारच्या निम्म्याहून कमी. वर्षभर आत काम केलं. मग पुढच्या डाव्या चाकाच्या मोटरने एकदा नेहमीपेक्षा जास्त करंट ओढला. स्पिरिटचं पुढचं उजवं चाक २००६ मध्ये बंद पडण्याआधी असंच झालं होतं. पाच चाकांवर उतार चढून बाहेर येणं अवघड. म्हणून आत बघायचं बाकी असताना ऑगस्ट २००८ मध्ये गाडी बाहेर काढली. बैल लंगडायच्या आधीच गाडी उतारावरून वर घेतली म्हणा. लोणारला काठावरून सरोवरापर्यंत उतरून परत चढलेल्या मुलांना हा निर्णय समजावा लागणार नाही. तिकडे स्पिरिट मेलेलं चाक ओढत उलटी चालत राहिली. त्या चाकाने काढलेल्या चरात पांढरी माती निघाली, जवळजवळ शुद्ध सिलिका. तिथे कधीकाळी गरम पाणी किंवा वाफ होती, याचा हा मोठा पुरावा. नांगराचा फाळ मोडला आणि त्याच तासात गुप्तधन लागलं.

२०१२ मध्ये उतरलेली क्युरिऑसिटी सूर्यावर चालत नाही, प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालते, त्यामुळे धुळीचा प्रश्न तिला फारसा नाही. तिचं दुखणं चाकाचं. ॲल्युमिनियमचा पत्रा ०.७५ मिलिमीटर, आणि जमिनीत घट्ट रुतलेले टोकदार दगड. वर्षभरात भोकं दिसली. उपाय चाकं बदलण्याचा नव्हता. रस्ता बदलला, आणि चढावर कोणतं चाक किती वेगाने फिरावं याचं नवं सॉफ्टवेअर २०१७ मध्ये पाठवलं. तिच्या ड्रिलला पुढे ढकलणारी यंत्रणा डिसेंबर २०१६ मध्ये बिघडली, तर हाताच्याच दाबाने भोक पाडायची पद्धत बसवून मे २०१८ मध्ये पुन्हा दगड कोरला.

मुलांना टिकलेल्याच गाड्या सांगितल्या तर त्यांना वाटेल, की अंतराळातलं सगळंच टिकतं. बीगल-२ हे यान डिसेंबर २००३ मध्ये, म्हणजे स्पिरिटच्या आधी दहा-बारा दिवस मंगळावर उतरलं आणि एक शब्द बोललं नाही. २०१५ मध्ये वरून घेतलेल्या फोटोंत ते सापडलं. उतरलं नीट होतं, पॅनलं मात्र पूर्ण उघडली नव्हती, आणि अँटेना त्यांच्याच खाली. चीनच्या झुरोंग गाडीला ९० सोलची हमी होती, ती त्याच्या कितीतरी पुढे गेली. मे २०२२ मध्ये हिवाळ्यासाठी झोपवली, ती उठली नाही. आपलं चांद्रयान-३ सुद्धा नीट सांगा. विक्रम आणि प्रज्ञान २३ ऑगस्ट २०२३ ला उतरले, काम एका चांद्रदिवसाचं, म्हणजे आपल्या १४ दिवसांचं होतं, ते पूर्ण झालं. चंद्राची रात्र काढायला आत उष्णतेच्या गोळ्या ठेवल्याच नव्हत्या. ते उठले नाहीत याला अपयश म्हणणारा मुलगा चुकतो, आणि "ते झोपलेत, उठतील" म्हणणाराही. मंगळयानाचं वेगळं. सहा महिन्यांसाठी पाठवलेलं यान २०१४ ते २०२२ कक्षेत राहिलं. बॅटरी सुमारे १ तास ४० मिनिटांच्या सावलीसाठी केलेली. जानेवारी २०१७ मध्ये २० किलो इंधन जाळून कक्षा बदलली, ती लांबलचक ग्रहण टाळायलाच. इंधन संपल्यावर तशी सावली चुकवता आली नाही, २०२२ च्या एप्रिलात एक ग्रहण साडेसात तासांचं आलं.

शुक्राचा दाखला आपल्या मे महिन्यातल्या माणसाला लगेच पटतो. व्हेनेरा-१३ हे सोव्हिएत यान १ मार्च १९८२ ला शुक्रावर उतरलं, बाहेर ४५७ अंश. हमी ३२ मिनिटांची, चाललं १२७ मिनिटं. बाहेरची उष्णता थांबत नाही, फक्त उशिरा पोचवता येते. म्हणून यान उतरण्याआधीच आतून गार करून घेतलं होतं आणि भोवती जाड आवरण. लग्नाच्या मांडवात भुशात गुंडाळून आणलेली बर्फाची लादी याच नियमाने टिकते.

पोस्टरवर ऑपॉर्च्युनिटीच्या तोंडी घातलेलं "माझी बॅटरी संपत आली, अंधार पडतोय" हे वाक्यही काढून टाकायला सांगा. गाडीने असं काही म्हटलं नाही, एका पत्रकाराने केलेला तो सारांश. २०१८ च्या धुळीच्या वादळात गाडीने आकडे पाठवले: आकाशाची गढूळता १०.८, दिवसाची वीज २२ वॅट-तास. त्या वादळाआधी ती ६४५ होती. ६४५ वरून २२, एवढं लिहिलं तरी वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

आता मुलांनी काय करावं. दोन सारखी पॅनलं घ्यावीत, १० वॅट, १२ व्होल्टची, आणि एक मल्टिमीटर. दोन्ही शाळेच्या गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून २० अंशांच्या कलावर बसवावीत. आपलं गाव विषुववृत्ताच्या सुमारे २० अंश उत्तरेला, म्हणून २०. दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या मध्ये प्रत्येकाचा शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे पॅनलच्या दोन्ही तारा थेट मल्टिमीटरला लावून येणारा करंट, दोन सेकंद मोजावा, साधारण ०.६ अँपिअर येतो. दोन्ही मापं एका मिनिटात घ्यावीत, नाहीतर ढग घोळ घालतो. पहिल्या दिवशी दोन्ही पॅनलं स्वच्छ असतानाच मोजावं, कारण एकाच कंपनीची दोन पॅनलंही सारखा करंट देत नाहीत. पुढे नुसता अँपिअर न लिहिता एकाला दुसऱ्याने भागून येणारं गुणोत्तर लिहावं. मग एक पॅनल दर सोमवारी सकाळी, तापायच्या आत, ओल्या मऊ कापडाने पुसायचं. बोअरचं पाणी वापरू नये, वाळल्यावर क्षाराचे पांढरे डाग राहतात आणि मुलं त्यालाच धूळ समजतात. दुसऱ्या पॅनलला हात लावायचा नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी कापसाच्या गाड्या आणि तुरीचं थ्रेशर सुरू असतं, आलेख चांगला उतरेल. अवकाळी आला तर तारीख लिहावी, ती आपली वावटळ. कावळ्याची शिट पडली तर वेगळी नोंद: ३६ सेल एका माळेत जोडलेले असतात, एक झाकला की सगळ्यांचा करंट पडतो. २१-२२ डिसेंबरला एक पॅनल तासभर काढून आधी थेट सूर्याकडे तोंड करून, मग आडवं ठेवून मोजावं. त्या दिवशी दुपारचा सूर्य क्षितिजापासून साडेशेहेचाळीस अंशांवर, म्हणून सूर्याकडे तोंड केलेल्या पॅनलच्या तुलनेत आडव्याला १०० पैकी ७३ च मिळायला हवेत. वहीत ७५ आले तर का, हे शोधण्यात एक आठवडा सहज जातो. आणि करंट मोजून झाल्यावर लाल पिन १० अँपिअरच्या भोकातून काढून ठेवावी. तशीच ठेवून कोणी बॅटरीला लावली की फ्यूज उडतो, नाहीतर पिनच वितळते.

दुसरी वही बॅटरीची. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तास म्हणजे ८४ वॅट-तास, पण निम्म्याहून जास्त काढू नये. वरचं पॅनल चांगल्या दिवशी ३५-४० वॅट-तास जमा करतं, ३ वॅटचा दिवा रात्रभरात ३६ खातो. धुळीने वीस टक्के गेले की दिवा पहाटेच्या आधी मालवतो. गावातला सौर दिवा याच हिशेबाने मरतो, आणि वर पत्र्याच्या डब्यात ४५ अंशांच्या उन्हात तापणारी बॅटरी. तापमान दर १० अंशांनी वाढलं की शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मंगळावर बॅटरीला थंडी मारते, आपल्याकडे ऊन.

परीक्षक म्हणून आपल्याकडे मागणी अशी. गुणपत्रिकेत सजावटीचे मार्क कमी करून किमान ६० दिवसांच्या नोंदवहीला द्यावेत. वहीत खाडाखोड, चुकलेलं माप, सुट्टीतली रिकामी ओळ असेल तर मार्क कापू नयेत, सगळे आकडे एकाच पेनने एकाच दिवशी लिहिलेले दिसले तर कापावेत. बंद पडलेलं मॉडेल आणणाऱ्याला, ते का बंद पडलं हे सांगता आलं, तर बक्षिसाच्या यादीत घ्यावं. आणि अशा मॉडेलांची टेबलं शाळेच्या हॉलमध्ये मांडू नयेत. ट्यूबलाइटखाली पॅनल काहीच दाखवत नाही, मुलं हिरमुसतात आणि परीक्षकांना वाटतं वायर सुटली. मैदानात, झाडाची सावली येणार नाही अशा जागी चार टेबलं द्या आणि या गटाचं परीक्षण दुपारी बारा ते एक ठेवा. जेवणाची सुट्टी एक वाजता केली तरी चालेल.

आपले,
लोणार-मेहकर भागातले काही विज्ञान शिक्षक आणि सोलर पंप दुरुस्त करणारे मेकॅनिक